मारिया व्होल्कोन्स्काया आणि तिचं कुटुंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरच्या रशियातल्या तारखा जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात ते पंचांग आपल्या कॅलेंडरच्या १२ दिवस मागे होतं, त्यामुळे दुसरीकडे वेगळी तारीख दिसली तर गोंधळून जाऊ नका.

मारिया व्होल्कोन्स्काया कोण होती?

नेपोलियनशी लढलेल्या एका रशियन सेनापतीची मुलगी आणि रशियातल्या अतिशय जुन्या सरदार घराण्याची सून. झारविरुद्धच्या कटात तिचा नवरा सापडला आणि त्याला सैबेरियात सक्तमजुरीची शिक्षा झाली. एकविसाव्या वर्षी ती आईवडील, मान, पैसा आणि तान्हं मूल मागे ठेवून त्याच्यामागे निघाली, आणि सुमारे एकोणतीस वर्षं तिकडेच राहिली.

बहुतेक ठिकाणी तिची गोष्ट ‘नवऱ्यामागे गेलेली पतिव्रता’ एवढ्यावर आटोपतात. मला ते अपुरं वाटतं. निघाली तेव्हा ती या नवऱ्याला धड ओळखतही नव्हती. आणि सैबेरियात गेल्यावर तिची खरी झुंज झाली ती मुलांसाठी.

नवरा व्होल्कोन्स्की आणि ती व्होल्कोन्स्काया, असं का?

रशियन आडनावाला स्त्रीलिंगी रूप असतं, म्हणून. तिचं पूर्ण नाव मारिया निकोलायेव्हना. मधलं नाव वडिलांचं, आपल्याकडे असतं तसंच. फक्त लग्नानंतर तिथे नवऱ्याचं नाव येत नाही, वडिलांचंच राहतं. घरी तिला माशा म्हणत.

तिचं माहेर कुठलं?

रायेव्स्की घराणं. वडील जनरल निकोलाय रायेव्स्की. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत रशियन फळीच्या मधोमध असलेला मोर्चा त्यांच्या सैनिकांनी लढवला. तो आजही ‘रायेव्स्कीचा मोर्चा’ म्हणूनच ओळखला जातो. त्यांच्याबद्दल एक गोष्ट त्या काळी रशियाभर झाली होती: साल्तानोव्काच्या लढाईत जनरलसाहेब आपल्या दोन कोवळ्या मुलांना हाताशी धरून तोफांसमोर चालून गेले. त्याची चित्रं निघाली, पोवाडे झाले. पुढे कवी बात्युश्कोव्हने विचारलं तेव्हा खुद्द रायेव्स्कींनीच ते नाकारलं. मुलं आसपास होती खरी, पण धाकटा त्या वेळी रानात बोरांसारखी फळं वेचत होता आणि एक गोळी त्याच्या विजारीतून गेली, इतकंच. आयती चालून आलेली कीर्ती अशी परत करणारा माणूस मला तरी त्या पोवाड्यांतल्या वीरापेक्षा जास्त आवडतो.

आई सोफिया ही शास्त्रज्ञ-कवी मिखाईल लोमोनोसोव्हची नात. म्हणजे मारिया त्याची पणती. आईचे वडील ग्रीक वंशाचे, सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनचे ग्रंथपाल. मारिया सावळी, काळ्याभोर केसांची होती, आणि त्या रंगावरून तिला फ्रेंचमध्ये ‘गंगेची कन्या’ म्हणत. गंगेशी तिचा संबंध एवढाच.

भावंडं अशी: दोन मोठे भाऊ, अलेक्सांद्र आणि निकोलाय, आणि बहिणी येकातेरिना, येलेना, सोफिया. येकातेरिनाचा नवरा मिखाईल ओर्लोव्ह हाही कटवाल्यांच्या गोटातला; पण त्याचा भाऊ झारच्या मर्जीतला असल्यामुळे तो थोडक्यात सुटला.

कवी पुश्किन तिच्या प्रेमात होता, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. खात्रीचं इतकंच, की १८२० च्या उन्हाळ्यात पुश्किन रायेव्स्की कुटुंबाबरोबर कॉकेशस आणि क्रिमियाला गेला होता. तो एकवीस वर्षांचा, ती चौदा-पंधरा. तागानरोगजवळ समुद्र दिसल्यावर मुली गाडीतून उतरल्या. मारिया लाटांशी शिवाशिवी खेळू लागली. लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचं, पुढे आली की पळायचं. पाय भिजले, आणि ते तिने घरच्यांपासून लपवलं. ‘येव्गेनी ओनेगिन’ या पुश्किनच्या पद्य-कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात तिच्या पावलांशी लोळण घेणाऱ्या लाटांचा हेवा करणारं कडवं आहे, ते या प्रसंगावरचं असं तिनेच आठवणींत लिहिलंय.

‘पोल्तावा’ या काव्याची निनावी अर्पणपत्रिका तिच्यासाठीच होती असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. तिचं स्वतःचं मत भाबडं नव्हतं. तिच्या म्हणण्याचा आशय असा: कवी या नात्याने भेटेल त्या सुंदर मुलीच्या प्रेमात पडणं तो आपलं कर्तव्य समजे, खरी पूजा तो फक्त आपल्या काव्यदेवतेची करी. प्रकरणाचा निकाल तिनेच लावून टाकलाय असं मी समजतो.

खराखुरा मागणी घालणारा वेगळाच होता: पोलिश काउंट गुस्ताव्ह ओलिझार. वडिलांनी धर्म आणि राष्ट्र वेगळं असल्याचं कारण देऊन नकार कळवला. बिचाऱ्याने क्रिमियात समुद्राकाठी जमीन घेतली आणि तिला ‘हृदयावरचं औषध’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं.

मग सेर्गेई व्होल्कोन्स्कीशी लग्न कसं ठरलं?

वडिलांनी ठरवलं. ११ जानेवारी १८२५ ला कीव्हमध्ये लग्न लागलं. ती १९ वर्षांची, तो ३६ वर्षांचा. राजपुत्र ही वंशपरंपरागत पदवी, मेजर जनरल हा हुद्दा, नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत गाजवलेला पराक्रम; स्थळ म्हणून नाव ठेवायला जागाच नव्हती. तो एका गुप्त संघटनेत आहे हे तिला माहीत नव्हतं. लग्नात त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत त्याच संघटनेतला पावेल पेस्तेल होता. दीड वर्षाने तो फासावर गेला.

लग्नानंतर ती आजारी पडली आणि समुद्रस्नानासाठी ओदेसाला गेली. तो उमानला आपल्या पलटणीत. पहिल्या वर्षातले जेमतेम तीनेक महिने दोघं एका छपराखाली होते.

नवऱ्याचा गुन्हा काय होता?

नेपोलियनला हरवत पॅरिसपर्यंत गेलेल्या तरुण रशियन अधिकाऱ्यांनी युरोप पाहिला. घरी परतल्यावर त्यांना भूदासांची, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, खरेदी-विक्री आणि झारची निरंकुश सत्ता असह्य वाटू लागली, आणि गुप्त मंडळं निघाली. १४ डिसेंबर १८२५ ला, नव्या झार पहिल्या निकोलायशी एकनिष्ठेची शपथ घेण्याच्या दिवशी, पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात काही पलटणी बंड करून उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत तोफा डागून ते मोडण्यात आलं. महिन्यावरून या लोकांना ‘डिसेंब्रिस्ट’ म्हणतात. सेर्गेई त्या चौकात नव्हता. तो दक्षिणेकडच्या मंडळाचा पुढारी. शिक्षा मात्र पहिल्या वर्गातली झाली: शिरच्छेद, तो बदलून वीस वर्षं सक्तमजुरी आणि नंतर कायमची सैबेरियात वस्ती. पाच जणांना १३ जुलै १८२६ ला फाशी दिलं.

हे सगळं तिला कधी कळलं?

सगळ्यांत शेवटी. डिसेंबर १८२५ च्या एका रात्री सेर्गेई अचानक आला आणि “लवकर ऊठ” म्हणत तिला जागं केलं. ती भरल्या दिवसांची, घाबरून उठली. तो शेकोटी पेटवून कागद जाळायला बसला. तिने जमेल तशी मदत केली आणि विचारलं, काय झालं? “पेस्तेलला पकडलंय.” का, ते त्याने सांगितलं नाही. तिला तिच्या वडिलांच्या गावी पोहोचवून तो निघून गेला.

२ जानेवारी १८२६ ला मुलगा झाला, निकोलाय. बाळंतपण जड गेलं, मागोमाग ताप भरला, आणि ती बरेच दिवस शुद्धीवर-बेशुद्धीत होती. त्याच आठवड्यात सेर्गेईला अटक झाली. घरच्यांनी ती लपवली. नवरा कुठेय विचारलं की मोल्दाव्हियाला गेलाय म्हणून सांगायचे. मोठा भाऊ अलेक्सांद्र तर तिची पत्रंसुद्धा आधी स्वतः चाळायचा. खरं कळलं तेव्हा ती पीटर्सबर्गला गेली आणि एप्रिलमध्ये किल्ल्याच्या तुरुंगात, पहाऱ्यात, नवऱ्याला भेटली.

सासरचे लोक कसे होते?

दरबारी. सासू अलेक्सांद्रा निकोलायेव्हना फील्डमार्शल रेप्निनची मुलगी, राजमातेच्या परिवारातली सर्वांत वरिष्ठ मानकरी. मुलगा बेड्यांत असताना ती नव्या झारच्या राज्याभिषेक सोहळ्यात हजर होती. दीर निकोलाय रेप्निन प्रांताचा गव्हर्नर जनरल. नणंदेचा नवरा प्योत्र व्होल्कोन्स्की पुढे राजदरबाराचा मंत्री झाला. एवढी वशिल्याची माणसं असून सैबेरियापर्यंत कितीतरी वर्षं कोणी आलं नाही. सासूच्या बाजूने एक सांगायला हवं: १८३४ च्या अखेरीस ती वारली, ती मुलाला सोडण्याची झारला विनंती करूनच, आणि त्या विनंतीमुळे सेर्गेईची सक्तमजुरी मुदतीआधी संपली.

जायची परवानगी कोणी दिली? अटी काय होत्या?

परवानगी झारने स्वतः दिली. डिसेंबर १८२६ मध्ये त्याचं पत्र आलं, त्यात सैबेरियातल्या इर्कुत्स्क शहराच्या पलीकडे काय वाढून ठेवलंय याची सूचना होती. खऱ्या अटी इर्कुत्स्कला पोहोचल्यावर कागदावर समोर आल्या. पुढे जाणाऱ्या बाईचा पूर्वीचा दर्जा संपला. यापुढे ती सक्तमजुरीच्या कैद्याची बायको. सराईत गुन्हेगारांनी अपमान केला तर सरकार संरक्षण देणार नाही. पैसा आणि मौल्यवान वस्तू जवळ ठेवता येणार नाहीत. आणि सगळ्यांत क्रूर अट: तिकडे जन्मलेली मुलं सरकारी कारखान्याचे भूदास ठरतील.

गव्हर्नर झैडलर हा म्हातारा माणूस. बायकांना परत फिरवण्याचे हुकूम त्याला वरून होते. अटींचा विचार करा, असं तो विनवत राहिला. न वाचताच सही करीन, असं तिने सांगितलं.

तान्ह्या बाळाला तिने कसं सोडलं?

या प्रश्नात बहुधा थोडा राग असतो. मूल न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे नवरा की मूल, असाच तो सवाल होता. मूल आनंदात आहे, नवरा दुःखात आहे, माझी जागा नवऱ्याजवळ. असा तिचा युक्तिवाद. बाळाला पीटर्सबर्गला सासूकडे ठेवलं. वर्षभरात परत येईन असंच ती घरी सांगत होती, आणि कदाचित स्वतःलाही. निरोप घेताना वडील मुठी आवळून ओरडले, “वर्षभरात परत आली नाहीस तर शाप देईन!” तिने उत्तर दिलं नाही, कोचावर पडून उशीत तोंड लपवलं.

बाळ निकोलाय १७ जानेवारी १८२८ ला गेला, दोन वर्षांचा होऊन. रायेव्स्कींच्या विनंतीवरून पुश्किनने त्याच्या थडग्यासाठी चार ओळी लिहिल्या: देवाच्या सिंहासनापाशी बसलेलं ते मूल हसून पृथ्वीवरच्या वनवासाकडे बघतं, आईला आशीर्वाद देतं आणि बापासाठी प्रार्थना करतं. वडिलांनी त्या ओळी तिला पत्रातून पाठवल्या. १८२९ मध्ये वडीलही गेले. शेवटी शेवटी तिच्या तसबिरीकडे बोट दाखवून, “मला माहीत असलेली सर्वांत विलक्षण स्त्री ही,” असं ते म्हणाले, अशी घरात आठवण होती. आई मात्र कधी पूर्ण निवळली नाही.

बाळाला मांडीवर घेतलेलं तिचं एक जलरंगातलं चित्र आहे, १८२६ सालचं, प्योत्र सोकोलोव्हने काढलेलं.

मग ही रशियाची सीता म्हणायची का?

मराठी वाचकाच्या तोंडी ते चटकन येतं. मला पटत नाही. सीतेला वनात जाताना कोणी शाप द्यायला उठलं नव्हतं. मारियाच्या समाजात पत्नीधर्म म्हणून जा, असं कोणीच म्हणत नव्हतं. उलट कैद्याच्या बायकोला पुनर्विवाह करायला कायद्याने मोकळीक होती, आणि माहेर, सासर, झार सगळे ‘जाऊ नकोस’ म्हणत होते. ती गेली ती सगळ्यांचं न ऐकता. हट्ट होता, अभिमान होता, जनरलची मुलगी होती.

मॉस्कोतल्या त्या निरोपाच्या रात्रीचं काय?

२६ डिसेंबर १८२६. सेर्गेईच्या नात्यातली झिनाईदा व्होल्कोन्स्काया स्वतः गायिका; मॉस्कोतल्या आपल्या घरी तिने इटालियन गायक जमवले. मारिया ‘अजून, अजून’ म्हणत राहिली, कारण आता संगीत पुन्हा कानावर पडणार नाही असंच तिला वाटत होतं. पुश्किनही होता. सैबेरियातल्या कैद्यांसाठीची आपली कविता तिच्याजवळ द्यायचं त्याच्या मनात होतं, पण ती त्याच रात्री निघाली. कविता नंतर नवऱ्यामागे निघालेल्या दुसऱ्या एका पत्नीबरोबर, अलेक्सांद्रा मुराव्योव्हाबरोबर गेली. झिनाईदाने गुपचूप एक छोटं क्लॅविकॉर्ड, म्हणजे पियानोचा पूर्वज, तिच्या घसरगाडीला मागे बांधून दिलं. ते सहा हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करून पोहोचलं.

तिने नवऱ्याच्या बेड्यांचं चुंबन घेतलं, ही दंतकथा की खरं?

खरं, पण चित्रांत दाखवतात तिथे नव्हे. फेब्रुवारी १८२७ मध्ये ती नेर्चिन्स्कजवळच्या ब्लागोदात्स्क खाणीवर पोहोचली. भेट तुरुंगाच्या अंधाऱ्या खोलीत झाली. सेर्गेई पुढे धावला तेव्हा साखळ्यांचा खणखणाट तिच्या कानावर आला. पायांत बेड्या असतील हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, आधी बेड्यांचं चुंबन घेतलं, मग त्याचं. अधिकारी अवाक होऊन बघत राहिला.

ही भेट जमिनीखाली खाणीच्या भुयारात झाली, असं पसरलं ते कवी नेक्रासोव्हमुळे. त्याने ‘रशियन स्त्रिया’ या काव्यात तो प्रसंग तिथे हलवला. भुयारात ती उतरली होती हे खरं, पण वेगळ्या वेळी, पहारेकऱ्यांना चुकवून.

ब्लागोदात्स्कला रोजचं जगणं कसं होतं?

नवऱ्याबरोबर राहायला मिळत नव्हतं. आठवड्यातून दोनदा, तासभर, पहाऱ्यात भेट. आधी येऊन पोहोचलेली दुसऱ्या एका कैद्याची बायको येकातेरिना त्रुबेत्स्काया आणि ती एका झोपडीत राहत. जमिनीवर गादी टाकली की डोकं भिंतीला आणि पाय दाराला टेकत. वारा सुटला की चूल धुरायची, म्हणून पेटवता येत नसे. खिडक्यांना काचेऐवजी अभ्रक.

पैसे थोडे, तेही अधिकाऱ्याच्या ताब्यात. प्रत्येक खर्चाचा हिशेब द्यायचा. दोघींनी रात्रीचं जेवण सोडलं आणि ते वाचवून कैद्यांना धाडू लागल्या. बड्या सरदाराच्या घरी वाढलेली येकातेरिना काळा पाव आणि क्व्हास या आंबवलेल्या साध्या पेयावर दिवस काढू लागली. एकदा कडाक्याच्या थंडीत ती फाटक्या बुटांत फिरली आणि तिचे पाय गारठून दुखावले. नवे उबदार बूट गेले कुठे? ते कापून तिने ओबोलेन्स्की या कैद्यासाठी टोपी शिवली होती, खनिजाचा चुरा त्याच्या केसांत पडू नये म्हणून.

बाकीच्या, म्हणजे साध्या गुन्हेगार कैद्यांच्या अंगावर धड कपडेही नव्हते. मारियाने कापड विकत घेऊन सदरे शिवून घेतले. खाणीचा प्रमुख बुर्नाशेव्ह संतापला: कैद्यांना कपडे देणं सरकारचं काम! मग तुम्ही द्या, तिने सुनावलं, अर्धनग्न माणसं रस्त्यावर बघायची मला सवय नाही.

अशा किती जणी गेल्या? त्रुबेत्स्काया आणि ही एकच का?

एक नव्हे, पण गल्लत नेहमी होते. एकूण अकरा जणी गेल्या: नऊ पत्नी, आणि दोन फ्रेंच तरुणी ज्यांनी तिकडे जाऊन लग्नं केली. सर्वांत आधी निघाली ती येकातेरिना त्रुबेत्स्काया, जुलै १८२६ मध्ये. तिचे वडील लाव्हाल फ्रान्समधून येऊन रशियात स्थायिक झालेले. ती १८५४ मध्ये इर्कुत्स्कलाच वारली. परतीचा रस्ता खुला व्हायला दोनच वर्षं उरली होती.

पुढे कुठे कुठे राहिली?

१८२७ च्या शरद ऋतूत सगळ्यांना सैबेरियातल्याच ‘चिता’ नावाच्या गावी हलवलं. तिथे बायकांची घरं ज्या रस्त्यावर होती त्याचं नावच ‘बायकांचा रस्ता’ पडलं. कैद्यांना पत्रं लिहायला बंदी होती, म्हणून बायका लिहीत: ‘तुमचा मुलगा बरा आहे, त्याने तुम्हाला कळवायला सांगितलंय…’ मारियाच्या वाट्याला असा पत्रव्यवहार ढिगाने होता. १८२८ मध्ये बेड्या निघाल्या. निकोलाय बेस्तुझेव्ह या हरहुन्नरी कैद्याने त्यांच्या लोखंडातून अंगठ्या घडवल्या.

१८३० मध्ये कैदी पायी पेत्रोव्स्की झावोद या कारखान्याच्या गावी. खास त्यांच्यासाठी बांधलेल्या तिथल्या नव्या तुरुंगाला खिडक्याच नव्हत्या! इथे बायकांना नवऱ्यांबरोबर कोठडीत राहता येत होतं. त्यांनी नातेवाइकांना एवढी पत्रं पाठवली, की शेवटी छताजवळ लहान झरोके फोडायचा हुकूम आला. १८३७ मध्ये इर्कुत्स्कजवळचं उरिक खेडं, आणि १८४५ पासून मारिया मुलांसह इर्कुत्स्क शहरात.

सैबेरियात किती मुलं झाली?

तीन. पहिली सोफिया १ जुलै १८३० ला जन्मली आणि त्याच दिवशी गेली. मिखाईल, म्हणजे मीशा, १८३२ चा. येलेना, म्हणजे नेल्ली, १८३५ ची. या दोघांवर मारियाचा सगळा जीव.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने एक ‘कृपा’ देऊ केली: डिसेंब्रिस्टांची मुलं चांगल्या सरकारी शाळांत घेऊ, मात्र बापाचं आडनाव टाकायचं आणि बापाच्या पहिल्या नावावरून नवं घ्यायचं. म्हणजे मीशा व्होल्कोन्स्की राहणार नाही, सेर्गेयेव्ह होणार. सक्तमजुरी, बेड्या, झोपडी सगळं सोसलेल्या या बाईला हे सोसलं नाही. व्होल्कोन्स्कींनी नकार दिला. मुलांचं भवितव्य हा तिचा ध्यास असताना दिलेला हा नकार मला बेड्यांच्या चुंबनापेक्षा अवघड वाटतो.

पुढे मीशाला इर्कुत्स्कच्या माध्यमिक शाळेत घातलं. तो हुशार निघाला आणि पूर्व सैबेरियाचा गव्हर्नर जनरल मुराव्योव्हच्या हाताखाली नोकरीला लागला.

नवरा-बायकोचं जमत होतं का?

तरुणपणी विरहात जमलं, संसारात कमी. इर्कुत्स्कच्या घरात मारियाने शहरातली उत्तम बैठक जमवली: पाहुणे, संगीत, मुलांच्या ओळखीपाळखी. सेर्गेईला शेतीचं वेड. दाढी वाढवलेला हा माजी जनरल बाजारात गाड्यांवर बसून शेतकऱ्यांशी गप्पा मारायचा, त्यांच्याबरोबर पावाचा तुकडा मोडायचा. बायकोच्या दिवाणखान्यात यायचा तो डांबराचा वास घेऊन, कधी दाढीत गवताच्या काड्या अडकलेल्या. राहायचाही अंगणातल्या वेगळ्या खोलीत. त्या घरी जाणाऱ्या निकोलाय बेलोगोलोव्ही नावाच्या मुलाने, पुढे नामांकित डॉक्टर झाल्यावर, हे सगळं लिहून ठेवलं.

डिसेंब्रिस्ट अलेक्सांद्र पोज्जोशी तिचं नाव जोडणारी कुजबुज तेव्हापासून चालत आलीय, आणि मुलांच्या पितृत्वापर्यंत लोक जातात. पुरावा कोणीही दिलेला नाही. सेर्गेई आणि पोज्जो शेवटपर्यंत मित्र राहिले.

नेल्लीच्या लग्नाचा वाद काय?

इथे मारियाची बाजू घेणं कठीण जातं. १८५० मध्ये जेमतेम पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न तिने मोल्चानोव्ह या मुराव्योव्हच्या मर्जीतल्या अधिकाऱ्याशी लावून दिलं. सेर्गेईचा विरोध होता, जुने मित्रही नको म्हणत होते. ऐकलं नाही. जावयावर पुढे लाचखोरीचा खटला झाला, तो अंथरुणाला खिळला आणि १८५७ मध्ये वारला. मुलीला सैबेरियातून बाहेर काढायची घाई तिला भोवली. नेल्लीने नंतर निकोलाय कोचुबेईशी, आणि तोही गेल्यावर अलेक्सांद्र राख्मानोव्हशी लग्न केलं.

सुटका कधी झाली, आणि शेवट?

मारिया प्रकृतीच्या कारणावरून १८५५ मध्येच मॉस्कोला आली. १८५६ च्या ऑगस्टमध्ये नव्या झार दुसऱ्या अलेक्सांद्रच्या राज्याभिषेकाच्या वेळी माफीचा जाहीरनामा निघाला, आणि तो इर्कुत्स्कला पोहोचवायचं काम मिळालं मीशाला. बापाच्या सुटकेचा कागद मुलगा दौडत घेऊन गेला! मुलांना राजपुत्र पदवी परत मिळाली. सेर्गेईला सरदारकी मिळाली, ती पदवी नाही.

मारिया १० ऑगस्ट १८६३ ला व्होरोन्की या नेल्लीच्या गावी, आजच्या युक्रेनमध्ये, हृदयविकाराने वारली. सेर्गेई दोन वर्षांनी, तिथेच. नेल्लीने थडग्यांवर चर्च बांधलं होतं. ते सोव्हिएत काळात पाडलं गेलं.

बेंकेनडोर्फच्या घराशी या कुटुंबाची सोयरीक झाली, हे खरं?

खरं, आणि कादंबरीकारालाही सुचणार नाही असं. काउंट बेंकेनडोर्फ म्हणजे डिसेंब्रिस्टांची चौकशी करणाऱ्या समितीतला, पुढे झारच्या राजकीय पोलिसांचा प्रमुख. तरुणपणी सेर्गेईचा लष्करातला मित्रही. मीशाने १८५९ मध्ये येलिझावेताशी लग्न केलं. ती आईकडून बेंकेनडोर्फची नात आणि वडिलांकडून त्या दरबारमंत्री प्योत्र व्होल्कोन्स्कीची नात. मीशा स्वतः पुढे शिक्षणखात्याचा उपमंत्री झाला. ज्याला भूदास ठरवायचा कागद आईकडून सही करून घेतला होता, तो!

नातवंडांपैकी कोण प्रसिद्ध?

मीशाचा मुलगा सेर्गेई मिखाईलोविच, जन्म १८६०. १८९९ ते १९०१ सरकारी नाट्यगृहांचा संचालक. क्षेसिन्स्काया या नर्तिकेने नृत्यात ठरलेला पोशाख घातला नाही म्हणून त्याने दंड केला. तिची पोच थेट झारपर्यंत, दंड रद्द झाला आणि याने राजीनामा दिला. क्रांतीनंतर देश सोडला, १९३७ मध्ये अमेरिकेत वारला. आजीचे बारीकसारीक तपशील त्याच्या लेखनातून पुष्कळ मिळतात.

हे सगळं आपल्याला कळलं कसं?

तिच्या आठवणींमुळे. मुलांना तोंडी सांगितलेल्या गोष्टी लिहून दे, असा मीशाचा आग्रह. तिने फ्रेंचमध्ये लिहिल्या, छापायच्या हेतूने नव्हेच. १८७२ मध्ये मीशाने त्या नेक्रासोव्हला वाचून दाखवल्या, तोंडी रशियन भाषांतर करत, तीन संध्याकाळी. कवी मध्येच उठून शेकोटीपाशी जाई आणि मुलासारखा रडे, असं मीशाने लिहिलंय. पुस्तक मात्र १९०४ मध्ये छापलं गेलं.

सेर्गेईनेही आठवणी लिहिल्या. त्या अटकेनंतरच्या चौकशीपाशी, झार समोर उभा असताना, वाक्याच्या मध्येच तुटतात.

तिचं घर आज बघता येतं का?

हो, इर्कुत्स्कला. उरिकला बांधलेलं दुमजली लाकडी घर ओंडका ओंडका सुटा करून शहरात आणून पुन्हा उभारलं होतं. १९८५ पासून तिथे संग्रहालय आहे. दिवाणखाना वेगळा, अंगण-गोठा वेगळे. मी आधी गोठ्याकडची बाजू बघा म्हणेन, म्हणजे सेर्गेईचं राज्य कळेल. त्रुबेत्स्कीच्या नावाचं घरही त्याच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथेही संग्रहालय आहे, आणि येकातेरिनाची समाधी झ्नामेन्स्की मठात.